एका मोहिमेचा अभ्यास कसा करावा : बाजीराव, निजाम आणि पालखेड

लढाईच्या दिवसापासून सुरुवात केली तर सेनापती हाती लागत नाही. निकाल आधीच ठाऊक असल्यामुळे त्याचा प्रत्येक निर्णय आपल्याला एक तर अचूक वाटतो किंवा उघड चुकीचा वाटतो, आणि तो निर्णय घेताना त्याच्यासमोर असलेले अर्धवट चित्र आपल्या नजरेतून निसटते. पुण्यात थोरल्या बाजीरावांविषयी आदराने बोलणारे पुष्कळ भेटतात. शनिवारवाड्यासमोरच्या त्यांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी मुलांना त्यांच्या विजयांची यादीही सांगितली जाते. परंतु पालखेडला नेमके काय घडले, दक्षिणेतल्या मोगल सुभ्यांवर सत्ता असलेल्या निजामासारखा मुरब्बी सेनानी तेथे का अडकला आणि त्याला तेथवर आणण्यासाठी बाजीरावांना कित्येक महिने कोणती वाट चालावी लागली, असे विचारले तर उत्तरे लवकर संपतात. ज्यांना ती उत्तरे स्वतः शोधायची आहेत त्यांच्यासाठी ही पद्धत येथे मांडली आहे. ती कोणत्याही सेनापतीच्या मोहिमेला लागू पडेल. उदाहरण पालखेडचे घेण्याचे कारण असे की, ही मोहीम पुण्याच्या इतिहासाशी जोडलेली आहे, तिच्यातील बराचसा मुलूख आजही गाडीने जाऊन पाहता येतो, आणि तिच्यात मोठी हातघाईची लढाई जवळजवळ नसल्यामुळे सेनापतीचा विचार स्वच्छ दिसतो.

भांडण कशाचे होते ते पहिल्या पानावर लिहावे

नकाशा उघडण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर दोन वाक्ये लिहावीत: या युद्धातून आपल्या सेनापतीला काय हवे होते, आणि त्याच्या प्रतिपक्षाला काय हवे होते. 1719 साली मोगल बादशहाकडून शाहू महाराजांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या (महसुलाच्या चौथ्या हिश्श्याच्या) आणि सरदेशमुखीच्या (आणखी दहाव्या हिश्श्याच्या) सनदा मिळाल्या होत्या. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, विजापूर आणि हैदराबाद हे ते सुभे. निजामाने ही वसुली अडवली आणि त्यासाठी कारण मोठे चतुराईचे दिले: छत्रपतीपदावर साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज असे दोघे हक्क सांगत आहेत, तेव्हा खरा धनी कोण याचा निवाडा झाल्याशिवाय पैसा द्यायचा कोणाला? संभाजी महाराजांना त्याने आपल्या बाजूला घेतले, आणि शाहू महाराजांवर नाराज असलेल्या काही मराठा सरदारांनाही.

म्हणजे बाजीरावांना निजामाचा प्राण नको होता आणि त्याचे राज्यही नको होते. शाहू महाराज हेच छत्रपती आहेत आणि सनदा त्यांच्याच आहेत, एवढे निजामाच्या सहीशिक्क्याने मान्य करून घ्यायचे होते. पुढच्या सहा महिन्यांतला प्रत्येक निर्णय या वाक्याला लावून पाहावा लागतो, म्हणून ते पहिल्या पानावर असावे. सैन्यबळाची आकडेवारी त्यानंतर. जुन्या कागदांतील आणि बखरींतील फौजेचे आकडे एकमेकांशी क्वचितच जुळतात, आणि त्यांच्या मागे लागून अभ्यास तेथेच थांबल्याचे पुष्कळदा दिसते.

तारखा आणि कागद

पुण्यातील अभ्यासकाला साधनांची वाण नाही. सदाशिव पेठेत 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पेशव्यांच्या कारभाराचे कागद, म्हणजे पेशवे दफ्तर, पुणे पुराभिलेखागारात आहेत. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत 45 खंडांत छापून काढले, त्यामुळे त्या काळची मोडी लिपी न येणाऱ्यालाही सुरुवात करता येते. मात्र काही महिने देऊन मोडी शिकणे फार उपयोगाचे ठरते, कारण छापील पानावर न दिसणारी घाई मूळ पत्राच्या अक्षरात दिसते. मोडीचे वर्ग पुण्यात भरत असतात.

कागद वाचताना पहिली अडचण कालगणनेची येते. त्या काळच्या मराठी पत्रांत मुसलमानी महिन्याची तारीख ‘छ’ या खुणेने लिहिलेली असते आणि वर्ष बहुधा सुहूर सनाचे असते, तेही अरबी संख्यावाचक शब्दांत. पालखेडच्या मोहिमेचे सुहूर वर्ष ‘समान अशरीन मया व अलफ’, म्हणजे आठ, वीस, शंभर आणि हजार मिळून 1128. हे वर्ष मृगाला सुरू होत असल्यामुळे 1727 च्या पावसाळ्यापासून 1728 च्या उन्हाळ्यापर्यंतचे सगळे कागद या एकाच आकड्याखाली सापडतात आणि शोध सोपा होतो. इंग्रजी तारखांबाबतही सावध राहावे. ब्रिटनने 1752 साली पंचांग बदलले. त्याआधीच्या अठराव्या शतकातील तारखा जुन्या आणि नव्या पद्धतीत 11 दिवसांनी वेगळ्या पडतात. एका ग्रंथातली एक आणि दुसऱ्यातली दुसरी अशी तारीख घेतली तर घोडदळ एका रात्रीत अशक्य अंतर कापताना दिसेल. पालखेडची तारीख काही ठिकाणी 25 फेब्रुवारी तर काही ठिकाणी 28 फेब्रुवारी 1728 अशी आढळते. हा फरक तीन दिवसांचा आहे, तेव्हा तो पंचांगाचा नव्हे. फौजेला चहूबाजूंनी कोंडणे ही काही दिवस चालणारी क्रिया असते. लेखकाने त्यातला कोणता क्षण धरला आहे ते तपासावे आणि आपल्या वहीत एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी.

नकाशावर दिवस मांडणे

या अभ्यासाचा कणा म्हणजे नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे भारतीय नागरिकाला संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. या प्रमाणात नकाशावरचे 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतराने असतात, बारमाही पाण्याचे प्रवाह निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे ओढे काळ्या रंगात दाखवलेले असतात. आपल्या विषयाला हा रंगाचा फरक फार मोलाचा आहे. संपूर्ण मोहिमेसाठी मात्र इतक्या मोठ्या प्रमाणाचे नकाशे टेबलावर मावणार नाहीत, म्हणून एक लहान प्रमाणाचा राज्याचा नकाशा मार्गासाठी आणि मोठ्या प्रमाणाचे मोजके नकाशे निर्णायक टप्प्यासाठी, अशी विभागणी करावी.

लहान नकाशावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन्ही फौजांचे मुक्काम टिंबांनी दाखवावेत आणि प्रत्येक टिंबाशेजारी तारीख लिहावी. स्थूल मार्ग असा दिसू लागेल: 1727 च्या पावसाळ्यानंतर बाजीराव निघतात आणि मराठवाड्यात जालन्याच्या बाजूला निजामाच्या मुलखात शिरतात. तेथे निजामाच्या फौजेशी चकमक होते, पण ते गुंतून पडत नाहीत. वऱ्हाडाकडे सरकतात, मग खानदेशात उतरतात आणि बुऱ्हाणपुरावर जाण्याची हूल देतात. निजाम ते शहर वाचवायला धावतो. तोवर बाजीराव तापी ओलांडून गुजरातेत गेलेले असतात. पाठलाग व्यर्थ आहे हे ओळखून निजाम दक्षिणेकडे वळतो आणि थेट पुण्यावर येतो. संभाजी महाराजांना सोबत आणून तो त्या कसब्यात ठाण मांडतो. शाहू महाराजांना बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांच्यासह पुरंदर किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागतो. फेब्रुवारी 1728 च्या मध्यास बाजीराव पुन्हा खानदेशात बेटावदला दिसतात, आणि तेथून त्यांचा रोख औरंगाबादकडे असतो.

येथे पेन्सिल खाली ठेवून विचार करावा. पुणे शत्रूच्या हातात आहे, धनी किल्ल्यावर आहे, आणि पेशवा बाजीराव पुण्याकडे न येता निजामाच्या राजधानीकडे, औरंगाबादकडे, चालला आहे. शनिवारवाडा तेव्हा नव्हता. त्याचा पाया जानेवारी 1730 मध्ये घातला गेला. तरीही पुणे ही भोसल्यांची वडिलार्जित जहागीर होती, आणि ती सोडून दूरचा मुलूख मारत राहण्यासाठी मोठा संयम लागला असणार. पहिल्या पानावरचे वाक्य येथे उपयोगी पडते. पुण्यात येऊन निजामाशी भिडायचे म्हणजे त्याच्या तोफखान्यासमोर, त्याने निवडलेल्या जागी लढायचे. उलट औरंगाबाद जळण्याची भीती निर्माण झाली की निजामाला पुणे आपण होऊन सोडावे लागणार, आणि जड सामानासह घाईने चालावे लागणार. बाजीरावांनी शत्रूला हाकलले नाही. शत्रूने स्वतः निघावे अशी परिस्थिती दूरवरून तयार केली. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतला सर्वांत कठीण निर्णय हाच आहे, प्रत्यक्ष पालखेडचा वेढा त्यामानाने सोपा.

आता अंतर मोजावे. दोरा घेऊन तो नकाशावरच्या वाटेने, घाटाच्या वळणांसह, टिंबापासून टिंबापर्यंत ठेवावा आणि मग पट्टीवर ताणून मोजावा; सरळ रेषेचे अंतर येथे फसवते. आलेल्या किलोमीटरांना दिवसांनी भागले की त्या टप्प्यातली रोजची चाल मिळते. तोफा ओढणारे बैल सपाट जमिनीवर दिवसाला 15 किलोमीटरच्या आसपास जातात आणि नदीच्या उतारावर, चढावर त्याहून पुष्कळ कमी. बुणगे (न लढणारा लवाजमा), तंबू आणि तोफा मागे ठेवलेले घोडदळ 40 ते 50 किलोमीटर सहज जाऊ शकते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निजामाची कोंडी समजते: तोफा सोबत ठेवल्या तर बाजीराव हाती लागत नाहीत, आणि तोफा मागे टाकल्या तर ज्यावर आपला भरवसा तेच बळ जाते. गोदावरी ओलांडून औरंगाबादकडे घाई करताना त्याने दुसरा पर्याय घेतला, आणि तेथे फासा पडला.

पाण्याचा हिशेब

मोठ्या प्रमाणाचा नकाशा काढण्यापूर्वी एक खबरदारी. पालखेड नावाची दोन गावे आहेत. नाशिक जिल्ह्यात कादवा नदीवरच्या धरणामुळे जे पालखेड प्रसिद्ध आहे, ते हे नव्हे. आपले पालखेड छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेस आहे. महाजालावरच्या नकाशात नुसते नाव टाकून शोधणारे हमखास चुकीच्या गावी पोहोचतात आणि मग धरणाच्या पाण्याकडे पाहून निजाम तहानेने कसा हैराण झाला याचे नवल करत बसतात.

योग्य गाव सापडल्यावरही आजच्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवू नये. वैजापूर-गंगापूर भागाला नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी मिळते आणि खाली पैठणला जायकवाडीचा जलाशय आहे. दोन्ही गोष्टी मोहिमेनंतर फार उशिराच्या. नकाशावर कालवे आणि जलाशय पेन्सिलीने झाकून टाकावेत, काळ्या रंगातले ओढे फेब्रुवारीअखेर कोरडे धरावेत, आणि मग पाणी कोठे उरते ते पाहावे. नदी, काही डोह आणि गावांच्या विहिरी, इतकेच.

मग आकडेमोड करावी. घोड्याला दिवसाला सुमारे 30 लिटर पाणी लागते, उन्हात आणि श्रमात त्याहून जास्त. एक हजार घोड्यांना 30,000 लिटर, म्हणजे आजच्या 10,000 लिटरच्या टँकरने तीन खेपा. दहा हजार घोडी असतील तर तीस खेपा, रोज. त्यात बैल, उंट, हत्ती आणि फौजेबरोबरची माणसे धरलेली नाहीत. पोहऱ्याने शेंदायच्या गावविहिरीतून हे पाणी निघू शकत नाही. मोठ्या छावणीला वाहते पाणी किंवा मोठे तळे लागतेच. त्यामुळे ज्या फौजेने ओढ्यावरची आणि नदीकडे जाणारी वाट धरली, तिने लढाई न करता लढाई जिंकल्यासारखेच झाले. बाजीरावांच्या फौजेने नेमके हेच केले. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांसारखे पुढे नावारूपाला आलेले सरदार या मोहिमेत होते. निजामाच्या छावणीभोवतीचे पाणी तोडले गेले, दाणावैरण बंद झाली आणि बातमीची ये-जा थांबली. अखेर निजामाने बोलणी लावली आणि 6 मार्च 1728 रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहू महाराजांचा हक्क मान्य झाला, चौथाई व सरदेशमुखीची वसुली पुन्हा सुरू करण्याचे ठरले, संभाजी महाराजांचा पक्ष निजामाने सोडला. पहिल्या पानावर लिहिलेल्या वाक्याशी हा तह ताडून पाहावा. मागितले होते तेवढेच घेतले गेले, आणि कोंडलेल्या शत्रूला मोकळे सोडण्यात आले. अधिक का घेतले नाही, असा प्रश्न चर्चेत नेहमी निघतो. तो रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर 1728 च्या उद्दिष्टात शोधावे, पुढच्या शंभर वर्षांच्या इतिहासात नव्हे.

सेनापतीला त्या दिवशी काय ठाऊक होते

वहीत प्रत्येक मुक्कामासाठी चार रकाने आखावेत: तारीख आणि ठिकाण, त्या दिवशी सेनापतीला शत्रूविषयी ठाऊक असलेली बातमी, ती बातमी किती दिवस जुनी होती, आणि त्याने दिलेला हुकूम. दुसरा व तिसरा रकाना भरणे कष्टाचे असते आणि पुष्कळ जागी तो रिकामाच राहतो. रिकामा राहू द्यावा. तेथे आपला तर्क शाईने लिहू नये. जासूद आणि हरकारे यांच्या वेगाचा अंदाज घेऊन एवढे सांगता येते की, गुजरातेत असलेल्या बाजीरावांना पुण्याची बातमी त्याच दिवशी मिळणे शक्य नव्हते, आणि निजामाला बाजीरावांची त्याहूनही उशिरा मिळत असणार, कारण त्याचे बातमीदार मराठी घोडदळाच्या मुलखातून वाट काढत येत होते.

याच वहीची उलट बाजू निजामासाठी ठेवावी. मराठी वाचकाला हे जड जाते, पण याशिवाय अभ्यास एकांगी राहतो. निजाम 1671 चा, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला, बाजीरावांपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी मोठा. 1724 साली साखरखेर्ड्याला त्याने मोगल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव केला, तेव्हा बाजीराव मराठी फौजेसह त्याच्याच बाजूला होते. म्हणजे बाजीरावांनी त्याचा तोफखाना, त्याची व्यूहरचना आणि त्याच्या छावणीचा पसारा जवळून पाहिलेला होता. पुणे घेण्याचा त्याचा बेतही मूर्खपणाचा नव्हता. संभाजी महाराजांना पुण्यात आणल्याने शाहू महाराजांच्या हक्काला प्रत्यक्ष आव्हान मिळत होते, आणि आणखी काही सरदार फुटले असते तर मोहिमेचा निकाल वेगळा लागला असता. हा बेत फसला याचे कारण बाजीरावांनी त्याला फळ धरायला वेळ दिला नाही.

जागेवर जाताना

पुण्याहून अहिल्यानगर, कोपरगाव मार्गे वैजापूर दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जावे. पावसाळ्यात गेल्यास सगळीकडे पाणी दिसेल आणि मोहिमेचा अर्थच उलटा होईल. कोपरगावला गोदावरीच्या काठावर उतरून पात्राची रुंदी आणि काठाची उंची पाहावी आणि बैलगाडीवरची तोफ या काठावरून खाली नेऊन समोर चढवायला किती माणसे लागतील याचा विचार करावा. पुढे पालखेडच्या शिवारात चढाच्या जागी उभे राहून चारही दिशांना किती दूरवर दिसते ते पाहावे. येथे डोंगराचा आडोसा नाही, त्यामुळे हालचाल लपत नाही आणि पळून जाणाऱ्याला झाकणही मिळत नाही. रब्बीची ज्वारी काढणीला आलेली असते. कडबा तेव्हा कोणाच्या हाती असेल, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर आपोआप पडतो. गावातल्या वयस्कर माणसांना कालवा येण्यापूर्वी उन्हाळ्यात पाणी कोठून आणत, हे विचारावे. लढाईच्या दंतकथांपेक्षा ती माहिती जास्त कामाची असते.

दुसरी मोहीम, तीच वही

पालखेडची वही पूर्ण झाल्यावर तिची परीक्षा भोपाळच्या मोहिमेवर घ्यावी. डिसेंबर 1737 मध्ये तेच दोन सेनापती पुन्हा समोरासमोर आले. निजाम यावेळी शहाणा झाला होता. भोपाळचा किल्ला आणि तलाव यांचा आधार घेऊन तो तोफांसह बसला, त्यामुळे पाणी तोडण्याचा उपाय चालणार नव्हता आणि थेट हल्ला तर परवडणाराच नव्हता. बाजीरावांनी दाणावैरण तोडली आणि वाट पाहिली. 7 जानेवारी 1738 रोजी दोराहा येथे तह झाला. येथे पाण्याऐवजी धान्याचा हिशेब मांडावा लागेल: एका घोड्याला रोज किती दाणा, एका बैलाच्या पाठीवर किती गोणी, आणि बाहेरून मदतीला येणारी फौज किती दिवसांच्या अंतरावर. ज्यांना पराभूताच्या बाजूने आणखी शिकायचे असेल त्यांनी ऑगस्ट 1763 ची राक्षसभुवनची लढाई घ्यावी. तेथे गोदावरीला पूर होता आणि तेव्हाच्या निजामाची (हा निजाम वेगळा) फौज दोन काठांवर विभागली गेली होती, तेव्हा नकाशावर पाणी झाकायचे नाही. उलट गोदावरी पावसाळ्यातल्या पूर्ण रुंदीने निळी रंगवायची आणि उतारांच्या खुणा खोडून टाकायच्या.